जुळलेल्या ताळेबंदाची फेरतपासणी: सल्फर डायऑक्साइड कन्व्हर्टरचा पहिला थर

सल्फ्युरिक आम्लाच्या संयंत्रात सल्फर डायऑक्साइडचं ट्रायऑक्साइड करणाऱ्या कन्व्हर्टरबद्दल मासिक अहवालातली नोंद तीन ओळींची होती. पहिल्या थरात रूपांतरण ६१.६ टक्के. त्यावरून काढलेलं, थरातून बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान ५९९ अंश सेल्सिअस, प्रत्यक्ष मोजलेलं ६०१. फरक २ अंश, ताळेबंद जुळतो. उत्प्रेरकाची सक्रियता घटली आहे, पुढच्या शटडाऊनमध्ये पहिल्या थराचा उत्प्रेरक बदलावा.

हा ताळेबंद, म्हणजे आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या पदार्थाचा आणि उष्णतेचा हिशेब, दोन ठिकाणी चुकलेला आहे. दोन्ही चुका एकमेकींना झाकतात, म्हणून उत्तर जुळतं. त्या दोन चुका कुठे आहेत, आणि त्या सापडल्यावर उत्प्रेरकाबद्दलचा निष्कर्ष कसा बदलतो, हे या प्रकरणात पाहायचं आहे. संयंत्र अभ्यासासाठी रचलेलं आहे, पण आकडे अशा संयंत्रात मिळतील तसेच ठेवले आहेत आणि भौतिक गुणधर्म खरे आहेत.

हातात काय आहे

कोरड्या हवेत गंधक जाळून वायू तयार होतो. तो बॉयलरमध्ये थंड होतो आणि व्हॅनेडियम उत्प्रेरकाच्या पहिल्या थरात शिरतो. थराभोवती थंड करणारी नळी वगैरे काही नाही. अभिक्रियेची सगळी उष्णता वायूच घेऊन बाहेर पडतो. दाब १ ॲटमॉस्फिअरच्या थोडा वर आहे, हिशेबात १ धरू. प्रवाह तासाला ५,००० किलोमोल (किलोमोल हे रेणूंची संख्या मोजण्याचं एकक).

आत जाणारा वायू: सल्फर डायऑक्साइड १०.० टक्के, ऑक्सिजन ११.० टक्के, उरलेला ७९ टक्के नायट्रोजन (आर्गॉन त्यातच धरलेला). नळातल्या थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडावर) ४२० अंश.

बाहेर येणारा वायू: विश्लेषकावर सल्फर डायऑक्साइड ३.८४ टक्के, ऑक्सिजन ८.५७ टक्के. तापमान ६०१ अंश.

पुढे जाण्याआधी आतल्या वायूची एक फुकटची तपासणी करून घ्यावी. गंधक जळताना ऑक्सिजनचा एक रेणू जातो आणि डायऑक्साइडचा एक रेणू येतो. म्हणून कोरड्या हवेत जाळलेल्या वायूत या दोघांची बेरीज हवेतल्या ऑक्सिजनइतकी, म्हणजे २१ टक्केच राहिली पाहिजे. इथे १० अधिक ११, म्हणजे २१. आतल्या विश्लेषणावर भरवसा ठेवायला हरकत नाही. ही बेरीज १९ किंवा २३ आली असती तर पुढचं काहीच करण्यात अर्थ नव्हता.

बाहेरच्या ऑक्सिजनच्या आकड्याकडे मात्र अहवालात दुर्लक्ष झालं होतं. रूपांतरण ६१.६ टक्के असेल, तर १० पैकी ६.१६ डायऑक्साइड गेला आणि त्याच्या निम्मा, ३.०८ ऑक्सिजन गेला. उरायला हवा ७.९२. विश्लेषक ८.५७ दाखवतो. या फरकासमोर ‘नमुन्याच्या नळीत हवा शिरत असावी’ असा शेरा मारून विषय मिटवला होता. सगळं प्रकरण उलगडतं ते याच आकड्यापासून.

पहिली चूक: दोन टक्के, दोन पाये

अहवालातलं रूपांतरण सरळ वजाबाकीने काढलं होतं: दहातून ३.८४ वजा, भागिले दहा. ही वजाबाकी योग्य ठरायला दोन्ही टक्के एकाच पायावरचे हवेत, आणि इथे ते तसे नाहीत.

१०० किलोमोल आतल्या वायूचा पाया घेऊ आणि रूपांतरणाला क्ष म्हणू. अभिक्रियेत डायऑक्साइडचा एक रेणू आणि ऑक्सिजनचा अर्धा रेणू मिळून ट्रायऑक्साइडचा एक रेणू होतो. बाहेर येताना डायऑक्साइड १० वजा १०क्ष, ट्रायऑक्साइड १०क्ष, ऑक्सिजन ११ वजा ५क्ष, नायट्रोजन ७९. बेरीज १०० वजा ५क्ष. अभिक्रियेत रेणूंची संख्या घटते, त्यामुळे बाहेरचे शंभर टक्के म्हणजे आतले शंभर किलोमोल नव्हेत. ही झाली आकुंचनाची बाब.

मोठी गोष्ट वेगळीच आहे. विश्लेषकापर्यंत ट्रायऑक्साइड पोचतच नाही. तो आम्ल बनून नमुन्याच्या मार्गातच धुतला जातो. आयोडीनच्या द्रावणातून वायू ओढून करायच्या जुन्या राइख चाचणीतही हेच होतं: ट्रायऑक्साइड द्रावणात विरतो, मोजलेल्या आकारमानात तो नसतोच. म्हणजे बाहेरचा टक्का ट्रायऑक्साइड वगळून उरलेल्या वायूवर आहे, आणि त्या वायूची बेरीज १०० वजा १५क्ष.

विश्लेषकावरच्या टक्क्याला ब आणि आतल्या टक्क्याला अ म्हटलं, तर थोडी मांडामांड करून सूत्र मिळतं:

क्ष = (अ − ब) ÷ [अ × (१ − ०.०१५ × ब)]

या उदाहरणात ६.१६ भागिले ९.४२४, म्हणजे ०.६५४. रूपांतरण ६१.६ नाही, ६५.४ टक्के आहे. कंसातला ०.०१५ कुठून आला हे ठाऊक नसेल, तर ‘बारीकशी दुरुस्ती’ म्हणून तो वगळायचा मोह होतो. पण इथे त्याची किंमत जवळजवळ चार टक्के आहे.

या रूपांतरणावर प्रवाहांचा तक्ता असा भरतो:

| घटक | आत (किलोमोल) | बाहेर (किलोमोल) | ट्रायऑक्साइड वगळून (टक्के) |
|---|---|---|---|
| सल्फर डायऑक्साइड | १०.०० | ३.४६ | ३.८४ |
| सल्फर ट्रायऑक्साइड | ० | ६.५४ | – |
| ऑक्सिजन | ११.०० | ७.७३ | ८.५७ |
| नायट्रोजन | ७९.०० | ७९.०० | ८७.५९ |
| एकूण | १००.०० | ९६.७३ | १००.०० |

ऑक्सिजनच्या ओळीत ८.५७ हा आकडा आपोआप आला. तो सूत्रात कुठेच घातला नव्हता. हवेच्या गळतीवर ढकललेला आकडा बरोबरच होता.

गळतीची शक्यता तरीही तपासून पाहावी, कारण हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. नायट्रोजन अभिक्रियेत भाग घेत नाही, म्हणून आत-बाहेर बांधणारा दोरा तोच. बाहेरच्या ८७.५९ नायट्रोजनसोबत आत ११.०९ डायऑक्साइड आणि १२.२० ऑक्सिजन आला असणार. त्यातून बाहेरचे आकडे वजा केले तर डायऑक्साइड गेला ७.२५ आणि ऑक्सिजन गेला ३.६३. दुसरा पहिल्याच्या निम्मा आहे, हवा तसाच. नमुन्यात हवा शिरली असती तर हे प्रमाण टिकलं नसतं. बाहेरून आलेल्या प्रत्येक किलोमोल हवेमागे गेलेला डायऑक्साइड ०.१० ने जास्त दिसतो आणि गेलेला ऑक्सिजन ०.१० ने कमी, म्हणजे दोघे विरुद्ध दिशांना सरकतात. दोन टक्के गळतीसुद्धा या गुणोत्तरात लपत नाही.

थांबून स्वातंत्र्याच्या अंशांची मोजदाद करू. बाहेरच्या चार घटकांचे चार अज्ञात प्रवाह, आणि गंधक, ऑक्सिजन, नायट्रोजन या तीन मूलद्रव्यांचे तीन ताळेबंद. अज्ञात उरतो एकच: क्ष. त्यासाठी आपल्याकडे तीन मोजमापं आहेत: डायऑक्साइडचा टक्का, ऑक्सिजनचा टक्का आणि तापमान. एका अज्ञातासाठी तीन साक्षीदार. पाठ्यपुस्तकातल्या गणितात अज्ञात आणि माहिती नेमकी सारखी असते, त्यामुळे उत्तर मिळतं पण साक्ष पडताळता येत नाही. संयंत्रात माहिती गरजेपेक्षा जास्त असते, आणि खरी किंमत या जास्तीच्या माहितीलाच आहे. अहवालाने दोन साक्षी घेतल्या आणि तिसरी, जी विसंगत वाटत होती, ती फेटाळली. नेमकी तीच खरी होती.

ऊर्जेचा हिशेब

आता रूपांतरण ६५.४ टक्के. यातून बाहेरचं तापमान किती यायला हवं?

अभिक्रियेची एन्थाल्पी (तिच्यात निघणारी किंवा शोषली जाणारी उष्णता; उणे म्हणजे निघणारी) २५ अंशांवर डायऑक्साइडच्या किलोमोलमागे उणे ९८,९०० किलोज्यूल आहे. आपला वायू ४२० अंशांवर शिरतो, म्हणून सोयीचा मार्ग असा: ४२० अंशांवरच अभिक्रिया पूर्ण झाली असं धरायचं आणि निघालेल्या उष्णतेने बाहेरचा वायू तापवायचा. एन्थाल्पी ही अवस्थेवर ठरते, मार्गावर नाही, त्यामुळे ही मुभा आहे. पण मग अभिक्रियेची एन्थाल्पीही ४२० अंशांवरची हवी. या अभिक्रियेत आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या रेणूंच्या उष्माधारकता (तापमान एक अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) जवळपास सारख्याच भरतात, त्यामुळे ती बदलून फक्त उणे ९८,७०० होते. २५ अंशांचा आकडा तसाच वापरला तरी फरक ०.२ टक्के.

हा या अभिक्रियेचा चांगुलपणा आहे, सगळ्यांचा नाही. अमोनियाच्या संश्लेषणात २५ अंशांवर मोलमागे उणे ४५.९ किलोज्यूल असलेली एन्थाल्पी ७०० केल्विनवर उणे ५२.५ च्या आसपास जाते. तिथे संदर्भ तापमानाची सरमिसळ केली तर उष्णता १३-१४ टक्क्यांनी चुकते. एका अभिक्रियेत चाललेली सवय दुसरीकडे नेली की फसगत होते.

उष्माधारकता मात्र इथेही सांभाळून घ्यायला हवी. ४२० ते ६१० या पट्ट्याच्या मध्यावर, म्हणजे साधारण ८०० केल्विनला, किलोमोलमागे आणि अंशामागे किलोज्यूलमध्ये किमती अशा: डायऑक्साइड ५२.५, ट्रायऑक्साइड ७२.८, ऑक्सिजन ३३.७, नायट्रोजन ३१.४. बाहेरच्या प्रवाहांना या किमतींनी गुणून बेरीज केली की १०० किलोमोल पायावर उष्माधारकता येते ३,३७६ अधिक ३४.५क्ष. क्ष ०.६५४ असताना ३,३९९ किलोज्यूल प्रति अंश.

या बेरजेत एकट्या नायट्रोजनचा वाटा २,४८१, म्हणजे ७३ टक्के. जो वायू अभिक्रियेत काहीच करत नाही, तोच उष्णतेचा जवळजवळ तीन चतुर्थांश भार वाहतो. वायूत डायऑक्साइडचं प्रमाण वाढवलं की थर इतका तापतो याचं कारण एवढंच: जाळायला जास्त, वाहून न्यायला तेवढंच.

निघालेली उष्णता ९,८७,००० गुणिले ०.६५४, म्हणजे ६,४५,५०० किलोज्यूल. भागिले ३,३९९, तापमानवाढ १९० अंश. थरातून उष्णता बाहेर गेली नाही असं धरलं, म्हणजे ॲडियाबॅटिक धरलं, तर बाहेर ६१० अंश यायला हवेत. दर टक्का रूपांतरणामागे सुमारे २.९ अंश, हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

जर कुणी तक्त्यातल्या २५ अंशांवरच्या उष्माधारकता उचलल्या (नायट्रोजन २९.१, डायऑक्साइड ३९.९ वगैरे), तर हाच हिशेब ६३५ अंश देतो. पंचवीस अंशांची खोटी तूट तयार होते, आणि मग ती भरून काढायला कुठली तरी ‘उष्णतेची हानी’ शोधली जाते.

आता अहवालाचा योगायोग स्पष्ट होतो. चुकीच्या ६१.६ टक्क्यांवर तापमानवाढ १७९ अंश, म्हणून ५९९. खऱ्या ६५.४ वर ६१०. मोजलेलं ६०१. पदार्थाचा हिशेब दुरुस्त केल्यावर ऊर्जेचा हिशेब बिघडला, ९ अंशांची तूट उघडी पडली. ही तूट पहिल्यापासून होतीच. कमी धरलेल्या रूपांतरणाने ती झाकली होती.

नऊ अंश गेले कुठे

आधी विचारायचं ते हे, की नऊ अंशांना काही अर्थ आहे का. के प्रकारच्या, दुसऱ्या वर्गाच्या थर्मोकपलची मान्य चूक ०.७५ टक्के असते: ६०० अंशांवर साडेचार अंश, ४२० वर तीनच्या थोडी वर. विश्लेषकावर डायऑक्साइडच्या टक्क्यात ०.१ ची चूक झाली तर रूपांतरण जवळजवळ एका टक्क्याने हलतं, म्हणजे आणखी २.८ अंश. तिन्ही चुका स्वतंत्र धरून वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेतलं तर ६.२ अंश. नऊ अंश त्याच्या बाहेर आहेत, पण फार बाहेर नाहीत. एवढ्यावर काही ठरवणं घाईचं होईल. शोध घेण्यापुरतं कारण मात्र आहे. जाता जाता, अहवालातला ‘फक्त २ अंशांचा फरक’ या पट्ट्यात काहीच सिद्ध करत नव्हता.

पहिला संशय नेहमीचा: कवचातून उष्णता बाहेर जाते. हा संशय आकड्याने तपासावा, मताने नाही. नऊ अंश गुणिले ३,३९९, म्हणजे १०० किलोमोलमागे ३०,६०० किलोज्यूल. तासाला ५,००० किलोमोल प्रवाहावर ही ४२५ किलोवॅट होतात. पहिल्या थराभोवतीचं कवच समजा १०० चौरस मीटर, उष्णतारोधक आवरणाबाहेरचा पृष्ठभाग ६० अंश, भोवतालची हवा ३० अंश, आणि संवहन-प्रारण मिळून गुणांक चौरस मीटरमागे अंशामागे १० वॅट. एकूण हानी ३० किलोवॅट. तापमानात ती ०.६ अंश ठरते. गुणांक दुप्पट धरला तरी दीड अंशाच्या आतच राहतो. सव्वाचारशे किलोवॅट बाहेर पडत असते तर आवरण जागोजागी उखडलेलं दिसलं असतं. हानी आहे, पण नऊमधला एक अंशही ती पुरता भरत नाही.

दुसरा संशय अनुभवी माणसं बोलून दाखवतात: थरात वायूने वाट काढली आहे, काही वायू उत्प्रेरकाला न शिवता थेट खाली उतरतो, म्हणून बाहेर तापमान कमी. ऐकायला पटतं. पण थराभोवती एक बंद चौकट काढून पाहावी. आत वायू जातो, बाहेर वायू येतो, भिंतीतून उष्णता जात नाही. न शिवलेल्या वायूचं तापमान ४२०, रूपांतरण शून्य. शिवलेल्याचं दोन्ही जास्त. बाहेर ते मिसळले की मिश्रणाचं रूपांतरण घटतं आणि तापमानही त्याच प्रमाणात घटतं. मिश्रण त्याच ॲडियाबॅटिक रेषेवर (रूपांतरणासोबत तापमान किती चढतं ते दाखवणाऱ्या रेषेवर) राहतं, फक्त खाली सरकतं. वाट काढल्याने दोन्ही आकडे एकत्र कमी होतील, रूपांतरण ६५.४ आणि तापमान मात्र नऊ अंशांनी कमी, असं त्यातून कधीच घडणार नाही. थराच्या आत काहीही बिघडो, गाठी होवोत, उत्प्रेरक निकामी होवो, धूळ साचो, रेषेवरून बाजूला ढकलण्याची ताकद त्यात नाही. रेषेवरून हलवतं ते फक्त चौकट ओलांडणारं काही तरी, किंवा चौकटीच्या दारावर बसलेलं खोटं मोजमाप.

ऊर्जेच्या ताळेबंदाचं हे बलस्थान मला सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि वर्गात यावर फार कमी वेळ जातो. चौकटीच्या आत काय चाललं आहे याबद्दल हा ताळेबंद आंधळा आहे. म्हणूनच तो जुळत नसेल तर आत शोधत बसायचं नाही, कडेला पाहायचं.

कडेला दोन दारं आहेत. बाहेरच्या नळातलं थर्मोकपल नुकतंच तपासलेलं होतं, आणि त्याच नळात थोडं पुढे बसवलेलं दुसरं थर्मोकपल ६०० दाखवत होतं. वायू तिथवर चांगला मिसळलेला असतो. हे दार विश्वासू.

उरलं आतलं. या संयंत्रात पहिल्या थराचं तापमान बॉयलरला वळसा घालून राखतात: भट्टीतून आलेला हजार अंशांवरचा थोडा वायू बॉयलर टाळून थेट पुढे येतो आणि थंड झालेल्या वायूत मिसळतो. मिसळण्याच्या जागेपासून थर्मोकपलपर्यंत सरळ नळ पुरेसा लांब नसेल, तर गरम वायूचा पट्टा न मिसळता तसाच पुढे वाहतो. थर्मोकपल त्या पट्ट्यात बसलं असेल तर ते खरं बोलतं, पण फक्त स्वतःच्या जागेबद्दल. थराच्या माथ्यावर चार दिशांना बसवलेल्या थर्मोकपलांची नोंद होत होती, पण हिशेबात कुणी वापरत नव्हतं: ३९८, ४०८, ४१८, ४२४. सरासरी ४१२.

नियंत्रकाला ४२० दिसत होते आणि थरात सरासरी ४१२ अंशांचा वायू शिरत होता. ४१२ अधिक १९०, म्हणजे ६०२, हानीचे ०.६ वजा, ६०१. तूट संपली. (चार आकड्यांची साधी सरासरी घ्यायची तर चारही भागांतून सारखाच प्रवाह जातो असं धरावं लागतं. इथे दुसरी माहिती नाही, आणि उत्तर इतकं जवळ आलं की गृहीतकावर फार ताणायची गरज पडली नाही.)

दोन चुका अशा होत्या. ट्रायऑक्साइड विसरल्याने अपेक्षित तापमान ११ अंशांनी खाली आलं. आतलं तापमान ८ अंशांनी जास्त धरल्याने ते वर गेलं. शिवाय अर्ध्या अंशाची हानी. बेरीज वजाबाकी करून उरले २ अंश, आणि अहवालाने त्यालाच जुळणं म्हटलं.

मग उत्प्रेरकाचं काय

उत्प्रेरक बदलायचा की नाही हे नुसत्या रूपांतरणावर ठरत नाही. रूपांतरण समतोलापासून, म्हणजे पुढची आणि उलटी अभिक्रिया सारख्याच वेगाने चालू लागतात त्या अवस्थेपासून, किती दूर आहे यावर ठरतं. या अभिक्रियेत उष्णता निघते, म्हणून वायू जसा तापतो तशी समतोलाची मर्यादा खाली येते आणि चढत्या ॲडियाबॅटिक रेषेला कुठे तरी छेदते. त्या बिंदूपुढे एका थरात जाता येत नाही, उत्प्रेरक कितीही घाला. थर अनेक असण्याचं आणि मधे वायू थंड करण्याचं कारण हेच.

समतोल स्थिरांकासाठी प्रचलित सूत्र: दशमान लॉगॅरिथम = ४९५६ भागिले केल्विन तापमान, वजा ४.६७८. ४२० अंशांपासून निघणारी रेषा १ ॲटमॉस्फिअरवर समतोलाला ६१८ अंशांवर आणि ६८.२ टक्के रूपांतरणावर छेदते. ४१२ पासून निघणारी रेषा ६१३-६१४ अंशांवर आणि ६९.४ टक्क्यांवर. दाब थोडा जास्त असल्यामुळे खऱ्या मर्यादा एक-दीड टक्क्याने वर असतील. तुलनेला त्याने फारसा फरक पडत नाही.

अहवालाच्या नजरेतून थर मर्यादेच्या ६.६ टक्के खाली होता, आणि दोष उत्प्रेरकाचा. दुरुस्त हिशेबात तो ४ टक्के खाली आहे. त्या चारातही संशयाची सुई उत्प्रेरकाआधी ३९८ अंशांच्या कोपऱ्याकडे वळते. पोटॅशियमयुक्त व्हॅनेडियम उत्प्रेरकाला नीट पेट घ्यायला चारशेच्या वरचं तापमान लागतं. त्याखाली सक्रियता झपाट्याने घसरते. चौथा भाग वायू थराच्या बऱ्याच खोलीपर्यंत नुसता तापण्याची वाट पाहत उतरत असेल, तर चार टक्क्यांची कमतरता नवा उत्प्रेरक घालूनही राहील. सिझियमयुक्त उत्प्रेरक कमी तापमानाला पेटतो, त्याने हे लक्षण झाकलं जाईल, पण बॉयलरच्या वळशातला दोष जागच्या जागीच राहील.

पुढच्या थरांवरचा परिणामही मोजून ठेवावा. तासाला ५०० किलोमोल डायऑक्साइड आत येतो. अहवालानुसार पहिल्या थरानंतर १९२ किलोमोल उरतो, खऱ्या हिशेबाने १७३. पहिल्या थरात निघालेली नऊ मेगावॅटच्या घरातली उष्णता मधल्या उष्णता विनिमयकातून काढावी लागते, ती साडेआठ धरली तर तिथला हिशेबही तुटीत जातो आणि तिसऱ्या कुणावर तरी दोष येतो.

काय सुचवलं

उत्प्रेरक काढायचा नाही. शटडाऊनमध्ये नेहमीप्रमाणे चाळून धूळ काढायची. बॉयलरच्या वळशाचा वायू मुख्य नळाला मिळतो तिथे मिश्रणासाठी पाती बसवायची. रूपांतरणाच्या नोंदीत ०.०१५ असलेलं सूत्र घालायचं आणि शेजारी ऑक्सिजनच्या आकड्याने काढलेलं रूपांतरण दुसऱ्या रकान्यात ठेवायचं. आतलं तापमान म्हणून माथ्यावरच्या चार आकड्यांची सरासरी वापरायची.

नियंत्रकाचा नेम (त्याने राखायचं ठरवून दिलेलं तापमान) ४२० वरून हलवायचा का, यावर थोडा वाद झाला. मिश्रण सुधारल्यावर तोच नेम ठेवला तर सगळ्या थरात खरोखरच ४२० अंश शिरतील, आणि मर्यादा ६९.४ वरून ६८.२ वर उतरेल. चांगल्या दुरुस्तीतून सव्वा टक्का गमावला जाईल. म्हणून पाती बसल्यावर नेम ४१२ वर आणायचा आणि चारही दिशांचे आकडे एकमेकांच्या पाचेक अंशांत आहेत याची खात्री करायची.

त्या स्थितीत विश्लेषकावर डायऑक्साइडचा टक्का आजच्या ३.८४ च्या खाली, पण १ ॲटमॉस्फिअरच्या मर्यादेनुसार ३.४२ च्या वर दिसायला हवा, सोबत ऑक्सिजन ८.५७ आणि ८.४१ च्या दरम्यान, आणि बाहेरचं तापमान ६०१ ते ६१३. टक्का ३.८४ वरच अडकून राहिला तर उत्प्रेरकाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. दाबाची सूट धरूनही तो ३.२ च्या खाली गेला, तर उत्प्रेरकाचं कौतुक करण्याआधी विश्लेषक तपासायचा.